जुन्या इमारतीतील भाड्याचे घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे सांगलीच्या जुन्या वस्तीतून, म्हणजे गावभाग, खणभाग, हरभट रोड, गणपती पेठ या परिसरातून आलेली आहेत, आणि त्यांचा विषयही जवळजवळ एकच आहे. विश्रामबागेच्या पुढे नव्या इमारती कितीही उभ्या राहिल्या, तरी बाजारपेठ, गणपती मंदिर आणि बसस्थानक यांच्याजवळ परवडेल अशा भाड्यात राहायचे असेल, तर पन्नास-साठ वर्षांच्या इमारतींकडेच पाहावे लागते. अशा घरात राहणाऱ्यांचे आणि अशी घरे भाड्याने देणाऱ्यांचे प्रश्न नव्या सदनिकांपेक्षा वेगळे असतात. म्हणून निवडक पत्रांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझी नोकरी मार्केट यार्डातील एका हळदीच्या पेढीवर लागली असून पत्नी व चार वर्षांच्या मुलीसह सांगलीत राहायला येत आहे. हरभट रोडलगतच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर पाहिले आहे. भाडे साडेसहा हजार आणि अनामत चाळीस हजार रुपये आहे. खाली दुकाने आहेत. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा गेलेला दिसतो. मालक म्हणतात, तो वीस वर्षांपासून तसाच आहे. करार स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केला की पुरे, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असेही ते सांगतात. हे घर घ्यावे का?

उत्तर : घर घ्यावे की नाही, हे त्या तड्यापेक्षाही खालच्या दुकानांवर अधिक अवलंबून आहे, म्हणून आधी तेथून सुरुवात करतो. त्या काळातल्या बहुतेक इमारतींमध्ये वरचा भार पेलण्याचे काम भिंतीच करतात. त्यांत आजच्यासारखा काँक्रीटच्या खांबांचा सांगाडा नसतो. बाजारपेठेतील रस्त्यांवर गेल्या काही दशकांत असे वारंवार घडले आहे, की तळमजल्यावरच्या दुकानदाराने शटर रुंद करण्यासाठी किंवा दोन गाळे एक करण्यासाठी मधली भिंत काढली आणि तिच्या जागी एखादी लोखंडी तुळई टाकली. ती तुळई हिशेब करून टाकलेली असेल तर काळजीचे कारण नाही. ती केवळ गवंड्याच्या अंदाजाने टाकलेली असेल, तर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला तिचा पत्ताही नसतो. आपण दुकानात ग्राहक म्हणून जा, छताकडे पाहा, आणि वरच्या मजल्यावरच्या भिंतीखाली खाली भिंत आहे की मोकळी जागा आहे, हे स्वतः तपासा. भिंत काढलेली आढळली, तर ते काम कोणत्या अभियंत्याच्या आराखड्यानुसार झाले, असे मालकांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. उत्तर मिळाले नाही, तर ते घर सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तडा. खिडकी किंवा दरवाजाच्या कोपऱ्यातून निघणारा तिरका तडा बहुधा पाया एका बाजूला खचल्याचे लक्षण असतो. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या भिंतींना असे तडे जातात. जो तडा खचून थांबला आहे आणि जो अजून वाढतो आहे, त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे तो खरोखर वीस वर्षे तसाच असेल, तर त्याच्या कडा धुळीने काळवंडलेल्या आणि बोथट असतील. आत स्वच्छ, ताजी वीट किंवा माती दिसत असेल, अथवा नुकत्याच दिलेल्या रंगालाही तडा गेला असेल, तर तो वाढता आहे असे समजावे. शिवाय करार करण्यापूर्वी तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

छताखालचा गिलावा काठीने हलके ठोकून पाहावा. पोकळ आवाज येत असेल, किंवा स्लॅबच्या खालच्या अंगाला समांतर तांबूस रेघा दिसत असतील, तर आतल्या सळ्या गंजून फुगत आहेत. गंजलेली सळई मूळ आकारापेक्षा जास्त जागा व्यापते आणि काँक्रीट बाहेर ढकलते, म्हणूनच अशा स्लॅबचे पोपडे एखाद्या रात्री अचानक पडतात. लहान मुलगी असलेल्या घरात ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही. छत लाकडी असेल, तर तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते, ते आधी पाहावे, कारण लाकूड मधोमध टणक दिसले तरी ओल भिंतीतल्या टोकाशीच साचते आणि कूज व वाळवी तेथूनच सुरू होते. गच्चीवर किती आणि कोठे टाक्या आहेत, हेही पाहावे. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, आणि जुन्या इमारतींच्या गच्चीवर नंतर ठेवलेल्या टाक्या भिंतीच्या वर न ठेवता सोयीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या अनेकदा आढळतात.

सांगलीत आणखी एक तपासणी अनिवार्य आहे. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक येथील तळमजले त्या वेळी पाण्यात होते. आपले घर पहिल्या मजल्यावर असल्याने सामान कदाचित वाचेल, परंतु इमारतीच्या पायाने आणि खालच्या भिंतींनी ते पाणी कित्येक दिवस शोषलेले आहे. मातीच्या किंवा चुन्याच्या गाऱ्यात बांधलेली भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, वाळता वाळता, ढासळते, असे जुने गवंडी सांगतात आणि ते खरे आहे. म्हणून पुरानंतर खालच्या भिंतींची दुरुस्ती झाली का, कशी झाली, हे विचारावे. केवळ कमरेइतक्या उंचीपर्यंत ताजा रंग दिलेला असेल, तर त्यामागे लोणा (ओलीमुळे भिंतीवर येणारा क्षार) लागलेली भिंत असण्याची शक्यता धरून चालावे. विजेचे मीटर जिन्याखाली असतील, तर पुराच्या दिवसांत संपूर्ण इमारतीची वीज प्रथम बंद होईल, हेही लक्षात घ्यावे. जिना एकच असेल आणि तो थेट रस्त्याकडे उतरत असेल, तर पाणी चढण्याचा इशारा मिळताच वेळेवर बाहेर पडण्याचा निर्णय आधीच घेऊन ठेवावा लागेल.

महापालिका क्षेत्रातील ज्या इमारतींना तीस वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांची मान्यताप्राप्त संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याचे बंधन महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे. त्या तपासणीचा अहवाल मालकांकडे मागावा. तो नसेल, तर आपल्या खर्चाने अभियंत्याला एकदा नेऊन दाखवावे. चाळीस हजारांची अनामत देणाऱ्याने ही फी वाचवू नये.

कराराबाबत मात्र मालकांचे म्हणणे साफ चुकीचे आहे, आणि ही गैरसमजूत इतकी पसरलेली आहे की तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही, हा केंद्रीय नोंदणी कायद्यातील नियम आहे, आणि अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच आली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी केवळ वापरण्याचा परवाना देणारा) करार असो, तो लेखी व नोंदणीकृतच असला पाहिजे. मुदत किती, याला तेथे महत्त्व नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी नसेल, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःचेच नुकसान करून घेतात, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाची भीती असेल, तर हिशेब असा : अकरा महिन्यांचे भाडे 71,500 रुपये, त्यात चाळीस हजार अनामतीवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेले 4,000 रुपये मिळवले की 75,500 रुपये होतात, आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे दोनशे रुपयांच्या आतच. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये आहे. हे काम आता ऑनलाइन, आधारच्या साहाय्याने बोटांचे ठसे घेऊन, घरबसल्याही होते. शाळेत मुलीचा प्रवेश, गॅसजोडणी आणि पत्त्याचा पुरावा यांसाठी हाच कागद आपल्या कामी येणार आहे.

करारावर सही करण्यापूर्वी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेचा उतारा पाहा. जुन्या वास्तूंवर बहुधा आजोबांचे किंवा चुलत भावांसह अनेक वारसांचे नाव असते, आणि भाडे घेणारा त्यांपैकी एकच असतो. बाकीच्या वारसांचे संमतिपत्र किंवा मुखत्यारपत्र असल्यास उत्तम. निदान पुढे वारसांत वाद झाल्यास अनामत परत करण्याची जबाबदारी भाडे घेणाऱ्याची वैयक्तिक राहील, अशी अट घालून घ्यावी. आणि जुन्या इमारतीसाठी दोन अटी मी विशेष आग्रहाने सुचवीन. पहिली अशी, की महापालिकेने इमारत धोकादायक ठरवल्यास भाडेकरूला कोणतीही पूर्वसूचना न देता घर सोडता येईल आणि अनामत ठरावीक दिवसांत पूर्ण परत मिळेल. दुसरी अशी, की छत, भिंती, जिना आणि सांडपाण्याच्या नळाची दुरुस्ती मालकाची राहील, तर नळाची तोटी, दिवे, कड्या-कोयंडे यांसारखी किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची. घरात प्रवेश करतेवेळच्या स्थितीची छायाचित्रे कराराला जोडावीत. त्यात तो तडा अवश्य असावा.

प्रश्न : आमच्या इमारतीत सर्व भाडेकरूंसाठी महावितरणचा एकच मीटर आहे आणि मालक आतील छोट्या मीटरवरून स्वतःच ठरवलेल्या दराने पैसे घेतात. हे योग्य आहे का? (गणपती पेठ)

उत्तर : आपण मूळ वीजबिलाची प्रत दरमहा मागावी आणि एकूण रकमेची विभागणी प्रत्येकाच्या वापरलेल्या युनिटच्या प्रमाणात व्हावी, असे लेखी ठरवून घ्यावे. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे मालकाच्या ना-हरकत पत्रावर स्वतंत्र मीटर घेणे. जुन्या तारांवर सर्वांचा भार एकाच मीटरमधून जात असेल, तर दराइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. मुख्य फलकावर गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग आहे का, हे एकदा परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्या.

प्रश्न : माझे वय 68 आहे. आमचे कुटुंब खणभागातील एका वाड्यात 1974 पासून भाड्याने राहते. भाडे दीडशे रुपये आहे. गेल्या वर्षी यजमान वारले. आता मालकांच्या मुलांनी महापालिकेची नोटीस दाखवली आहे, की वाडा धोकादायक आहे. पंधरा दिवसांत खोल्या मोकळ्या करा, भाडेकरू तुमचे यजमान होते, तुमचा काही हक्क नाही, असे ते म्हणतात. भाडेही घेत नाहीत. एका कागदावर सही करण्यासाठी रोज येतात. मी काय करू?

उत्तर : ताई, सर्वप्रथम त्या कागदावर सही करू नका. तो कागद काय आहे हे मला दिसत नाही, परंतु अशा वेळी पुढे केला जाणारा कागद बहुधा जागेचा स्वेच्छेने ताबा सोडल्याचा असतो, आणि तो सही झाल्यावर आपल्या बाजूने फारसे काही उरत नाही.

आपला हक्क नाही, हे म्हणणे चुकीचे आहे. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या घरात राहणारी कुटुंबातील व्यक्ती ही कायद्यानेच भाडेकरू ठरते, अशी व्याख्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 7 मध्ये दिलेली आहे. पत्नी म्हणून आपण त्या व्याख्येत निर्विवादपणे बसता. यजमानांचे मृत्यू प्रमाणपत्र, आपले शिधापत्रिकेवरील व मतदार यादीतील नाव, जुन्या भाडेपावत्या आणि वीजबिले एकत्र करून एका पिशवीत घालून ठेवा आणि त्यांच्या प्रती शक्यतो मुलाकडे किंवा मुलीकडे वेगळ्या ठेवा.

भाडे न स्वीकारणे ही युक्ती जुनी आहे, कारण पुढे थकबाकीदार म्हणून दावा करता येतो. आपण दर महिन्याचे भाडे धनादेशाने, पोहोच पावती मिळेल अशा टपालाने पाठवत राहा. तो परत आला, तर पाकीट न उघडता तसेच जपून ठेवा. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मालकाला मागणीची लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते, आणि भाडे देण्याची आपली तयारी सिद्ध असेल, तर त्या कारणावरून घर सोडायला लावता येत नाही. पाणी किंवा वीज तोडण्याचा प्रयत्न झाला, तर तोही याच कायद्याने गुन्हा ठरतो आणि न्यायालय ती सेवा पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते.

आता नोटिशीचा भाग, जो मला अधिक काळजीचा वाटतो. वाडा खरोखरच कोसळण्याच्या स्थितीत असेल, तर कोणताही हक्क टिकवण्यासाठी आपण त्यात एक रात्रही राहू नये. म्हणून ती नोटीस कोणत्या वर्गाची आहे, हे आधी कळले पाहिजे. अशा इमारतींचे साधारणतः चार वर्ग केले जातात : सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, सी-2अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-2ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी, आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. पहिला आणि तिसरा वर्ग यांत आपल्यासाठी आकाश-पाताळाचा फरक आहे, आणि मालकांची मुले फक्त ‘धोकादायक’ एवढाच शब्द सांगत असतील, तर मूळ नोटीस व तिच्यामागचा अभियंत्याचा अहवाल महापालिकेकडे माहिती अधिकारात मागा. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत आहे. तेवढ्या काळात, त्याच महापालिकेला लेखी अर्ज देऊन, अहवाल मालकाने नेमलेल्या अभियंत्याचा असल्यास तटस्थ तपासणीची मागणी करा. विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थेच्या स्थापत्य विभागाकडून तपासणी व्हावी, अशी विनंती त्या अर्जात करता येईल.

इमारत रिकामी करावीच लागली, तरी जाण्यापूर्वी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. आपल्या ताब्यातील खोल्यांचे क्षेत्रफळ मोजून त्याची नोंद महापालिकेच्या कागदावर यावी, आणि आपण जागा सोडत आहात ती सुरक्षिततेसाठी, भाडेकरूचा हक्क राखून, असे पत्र मालक व महापालिका या दोघांना पोहोच घेऊन द्यावे. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, कारण भाड्याचा संबंध केवळ भिंतींशी नसून त्याखालच्या जमिनीशीही असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. मालकांना पाडून नवी इमारत बांधायची असेल, तर त्यांनी न्यायालयात जाऊन मंजूर आराखडा आणि पैशांची तयारी दाखवावी लागते, आणि नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूंना जागा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे.

हे सर्व एकट्याने करणे आपल्याला जड जाईल, याची मला जाणीव आहे. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता तेथे विनामूल्य वकील मिळतो. 1987 च्या कायद्याने दिलेला तो अधिकार आहे, उपकार नव्हे. कागदांची पिशवी घेऊन याच आठवड्यात तेथे जा.

प्रश्न : मी मालक आहे आणि माझीही बाजू ऐकावी. गावभागातील आमच्या वाड्यात चार भाडेकरू आहेत, प्रत्येकाचे भाडे दोनशे रुपयांच्या आसपास आहे. 2019 च्या पुरानंतर दुरुस्तीला लाखांत खर्च सांगितला जातो. भाडेकरू भाडे वाढवत नाहीत आणि दुरुस्ती मात्र मागतात. कायदा फक्त भाडेकरूचाच आहे का?

उत्तर : आपली तक्रार खरी आहे, आणि ती दुर्लक्षित राहिल्यामुळेच जुन्या सांगलीतील कितीतरी चांगले वाडे मोडकळीस आले, असे माझे मत आहे. भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढ घेण्याचा हक्क दिला आहे. परंतु 2000 साली दोनशे असलेले भाडे दरवर्षी याप्रमाणे वाढवत आणले, तरी पंचवीस वर्षांनी ते 535 रुपयांच्या आसपासच पोहोचते. एवढ्या पैशांत तुळई बदलत नाही. तरीही ही वाढ आपण घेत नसाल, तर आजपासून लेखी कळवून घेऊ लागा. इमारतीत सुधारणा किंवा मोठी दुरुस्ती केल्यास त्या खर्चापोटी भाडे वाढवण्याच्या स्वतंत्र तरतुदीही कायद्यात आहेत. खर्चाच्या पावत्या ठेवून वकिलाच्या सल्ल्याने त्यांचा लाभ घ्या.

दुसऱ्या बाजूने, इमारत राहण्यायोग्य ठेवण्याचे कर्तव्य कलम 14 ने आपल्यावर टाकलेले आहे. भाडेकरूंनी पंधरा दिवसांची नोटीस देऊनही आपण दुरुस्ती केली नाही, तर ते स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून कापू शकतात. एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक कापता येत नाही, हे खरे. पण दोनशे रुपये भाड्याचा चौथा हिस्सा कोणाच्याच उपयोगाचा नाही, हे आपणही जाणता आणि तेही जाणतात. म्हणून अशा वाड्यांत प्रत्यक्षात तोडगा निघतो तो बसून बोलण्यातून. चारही भाडेकरूंना एकत्र बोलवा, अभियंत्याचा अहवाल आणि खर्चाचा अंदाज त्यांच्यासमोर ठेवा, आणि ते खर्चाचा काही भाग उचलणार असतील, तर त्या बदल्यात त्यांचा भाडेकरूचा हक्क अबाधित असल्याचे लेखी द्या. भाडेकरू पैसे द्यायला कचरतात ते बहुधा कंजूषपणामुळे नव्हे; दुरुस्तीनंतर आपल्यालाच बाहेर काढतील, ही भीती त्यांच्या मनात असते. तो कागद ती भीती दूर करतो.

दुरुस्ती करताना क्रम सांभाळा, कारण चुकीच्या क्रमाने केलेला खर्च वाया जातो. आधी कौले, पन्हाळी आणि गच्चीचे उतार, म्हणजे वरून येणारे पाणी. त्याच वेळी भिंतींत रुजलेली पिंपळ-वडाची रोपे मुळासकट काढणे, कारण नुसती छाटली तर ती आत अधिक जाड होतात. मग तळाचा निचरा. आणि सर्वांत शेवटी गिलावा. पुरानंतर अनेकांनी जुन्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही, ती भिंतीत वर वर चढत जाते आणि दोन पावसाळ्यांनंतर डोक्याच्या उंचीवर लोणा दिसू लागतो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करा. कारागीर शोधायला वेळ लागेल, पण भिंत टिकेल.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मारुती चौकाजवळ तळमजल्यावरची खोली लिव्ह अँड लायसन्सवर घेतली आहे. पूर आला आणि महिनाभर खोलीत राहता आले नाही, तर त्या महिन्याचे भाडे द्यावे लागते का? गाळ काढण्याचा खर्च कोणाचा?

उत्तर : करारात याविषयी काही लिहिलेले नसेल, तर कायद्याचे उत्तर आपल्याला फारसे सुखावणार नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या व्यवहाराला लागू होणाऱ्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, जागा नष्ट झाली किंवा दैवी आपत्तीने कायमची अशी बदलली की तिचा वापरच करता येऊ नये, तरच परवाना संपतो. भाडेपट्टा असता, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्यात जवळपास हीच कसोटी आहे. पुराने जागा कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरू पट्टा संपुष्टात आणू शकतो. पाणी ओसरून पंधरवड्याने खोली पुन्हा राहण्यायोग्य होणार असेल, तर दोन्ही कायदे आपल्याला भाडे माफ करून देत नाहीत. अनेक मालक अशा वेळी आपणहून एक-दोन महिन्यांचे भाडे सोडतात, हा त्यांचा मोठेपणा. पण तो गृहीत धरून चालू नये.

म्हणून कराराचे नूतनीकरण होईल तेव्हा पुराविषयी एक स्वतंत्र परिच्छेद त्यात घालून घ्या. पाणी इमारतीत शिरल्याच्या दिवसापासून खोली साफ होऊन वीज व पाणी सुरू होईपर्यंतचे भाडे आकारले जाणार नाही. गाळ काढणे, भिंती व वीजजोडणी दुरुस्त करणे मालकाकडे, आणि स्वतःच्या सामानाची हलवाहलव भाडेकरूकडे. तीस दिवसांत खोली राहण्यायोग्य न झाल्यास भाडेकरूला पूर्वसूचनेविना करार संपवता येईल व अनामत परत मिळेल. याच परिच्छेदात आणखी एक वाक्य असावे, की आयर्विन पुलावरील पातळी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला पोहोचताच भाडेकरूला आपले सामान वरच्या मजल्यावरील मालकाच्या मोकळ्या खोलीत किंवा जिन्याच्या माथ्यावर ठेवण्याची मुभा राहील. तळमजल्यावर राहणाऱ्याच्या दृष्टीने त्या संपूर्ण करारातील हे सर्वांत उपयोगी वाक्य असते, कारण इशारा आणि धोका या दोन पातळ्यांमध्ये मिळणारा वेळ गाद्या, पुस्तके आणि कागदपत्रे वर नेण्यासाठीच असतो, आणि त्या वेळी वरच्या मजल्याची किल्ली कोणाकडे आहे, हे शोधत बसावे लागू नये.

नुकसानीचे पंचनामे सुरू झाल्यावर आपण त्या पत्त्यावर राहत होता, हे आपल्यालाच दाखवावे लागेल. नोंदणीकृत कराराची प्रत मोबाइलमध्ये आणि शहराबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. पाणी ओसरताच, साफसफाईला हात लावण्यापूर्वी, भिंतीवरील पाण्याच्या रेषेसह खोलीची छायाचित्रे काढा आणि पंचनाम्यात मालकाच्या नावासोबत राहणारा म्हणून आपले नाव आले आहे, हे सही होण्याआधी वाचून पाहा.